गराज सेलला मुलांना नेलं की दर वेळी रडारड? आमच्याकडचा बिघाड कुठे सापडला

तक्रार अशी आहे. शनिवारी सकाळी मी आणि साडेचार वर्षांची चिऊ गराज सेल धुंडाळायला निघतो. पहिल्या घरी मजा येते. दुसऱ्या घरी कुरकुर सुरू होते. तिसऱ्या घरी कोणाच्या तरी लॉनवर चिऊ पालथी पडलेली असते, दोन्ही मुठींत उपटलेलं गवत, आणि मालकीणबाई खुर्चीतून मान वाकडी करून बघत असतात. माझ्या एका हातात दोन डॉलरचा टेबललॅम्प, दुसऱ्या हाताने पोरगी उचलायची, आणि चेहऱ्यावर 'हे नेहमीचं नाही हो' असा भाव ठेवायचा. नेहमीचंच होतं. गेल्या वर्षी मे महिन्यात सलग चार शनिवार हेच झालं.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. इथे एप्रिल संपत आला की थेट ऑक्टोबरपर्यंत शनिवारी रस्त्याच्या कोपऱ्यांवर पुठ्ठ्याच्या पाट्या लागतात, मार्करने काढलेला बाण आणि खाली पत्ता. गराज सेल, यार्ड सेल, मूव्हिंग सेल, नावं वेगळी, मामला एकच: घरातलं नकोसं झालेलं सामान अंगणात मांडायचं आणि दुपारपर्यंत मिळेल त्या भावाला काढायचं. काही गावं वर्षातून एखादा दिवस ठरवून अख्ख्या गावाचा सेल लावतात. एका पगारात चौघांचं घर चालवताना मुलांचे कपडे, पुस्तकं, सायकल यांसाठी याहून स्वस्त जागा नाही. त्यामुळे 'मग नेऊच नकोस ना तिला' हा सल्ला माझ्या उपयोगाचा नव्हता. बायको आठवडाभर दोन्ही पोरं सांभाळते. शनिवारी सकाळी निदान एकाला तरी घराबाहेर काढायचं, हा आमचा करार आहे. धाकटा दीड वर्षाचा, तो आईपाशी. चिऊ माझ्याकडे.

पोटापाण्यासाठी मी लोकांच्या सिस्टिम का बंद पडतात ते शोधतो. चार शनिवार शोभा झाल्यावर लक्षात आलं, की घरच्या बिघाडाकडे आपण तसं कधी बघितलेलंच नाही. नुसतं वैतागलो होतो.

जे करून पाहिलं आणि फसलं

'शहाण्यासारखी वागलीस तर आइस्क्रीम' हा पहिला उपाय. पहिल्या घरापासून आइस्क्रीम कधी, आइस्क्रीम कधी, एवढंच ऐकलं. मग मोबाइल हातात दिला. तो असेपर्यंत शांतता, काढून घेतला की दुप्पट भोकाड. मग 'पुढच्या वेळी घेऊ या'. हा तर सगळ्यांत वाईट, कारण गराज सेलला पुढची वेळ नसतेच. पुढच्या शनिवारी चिऊने बरोबर तेच घर ओळखून गाडी थांबवायला लावली. तिथे नुसतं गवत, आणि एक माणूस ते कापत होता. "बाबा, खेळणी कुठे गेली?" या प्रश्नाचं माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि त्या दिवसापासून 'पुढच्या वेळी' या शब्दांवरचा तिचा विश्वास उडाला तो उडालाच.

शेवटी मी वैतागून एका शनिवारी मागेल ते घेऊन दिलं. पन्नास सेंट, एक डॉलर, असतंच काय मोठं. सात वस्तू झाल्या. तरीही पाचव्या घरी लोळण घेतलीच. तेव्हा मात्र मी जरा चमकलो. घेऊन दिलं तरी रडते, म्हणजे हट्ट वस्तूचा नव्हता. इतके दिवस मी चुकीच्या जागी पाना फिरवत होतो.

नोंद ठेवल्यावर

पुढचे पाच शनिवार मी फोनमध्ये दर वेळी चार गोष्टी टिपल्या: किती वाजता बिनसलं, कितवं घर, शेवटचं खाणं कधी झालं, आणि बिनसण्याच्या आधीच्या मिनिटाला तिच्या हातात काय होतं. चौथा रकाना मी सहज म्हणून घातला होता. उत्तर त्यातच निघालं.

जवळजवळ प्रत्येक वेळी तिच्या हातात असं काहीतरी होतं, ज्याच्याशी ती आधीच पाच-दहा मिनिटं खेळली होती. मी पलीकडे पक्कड-पान्यांच्या टेबलाशी रमलेलो, ती बिनबोभाट लाकडी आगगाडी फिरवत बसलेली. मला वाटायचं, बरंय, गुंतलीय. मग मी येऊन म्हणायचो, "चल, ठेव ते, निघू या." भडका तिथे उडायचा. 'घेऊन देत नाही' म्हटल्यावर क्वचितच. 'ठेव' म्हटल्यावर जवळपास दर वेळी.

जरा तिच्या उंचीवरून बघा. दुकानात खेळणी खोक्यात असतात, वर प्लास्टिक, पलीकडे काउंटर, गणवेशातली माणसं. हे दुकान आहे हे पोरांना सांगावं लागत नाही. आता कोणाच्या तरी घराचं अंगण घ्या. चादर अंथरलीय, तिच्यावर उघडी खेळणी मांडलीत, घरातल्या बाई हसून 'हाय स्वीटी' म्हणतायत. साडेचार वर्षांच्या मुलीने काय समजावं? आपण कोणाकडे तरी खेळायला आलोय! आणि ओळखीच्यांकडे गेलो की आम्ही तिला काय शिकवलंय? खेळ, पण निघताना त्यांचं त्यांना देऊन ये. इथे मात्र काही वस्तू ठेवायच्या, काही गाडीत घालून न्यायच्या, आणि कुठली कुठे ते बाबा ठरवणार. यात काही नियम आहे असं तिला दिसायला मार्गच नव्हता.

मुख्य उपाय: क्रम उलटा

आमचा क्रम होता हात, खेळ, मग निर्णय. तो आम्ही फिरवला: डोळे, निर्णय, पैसे, मग हात. गाडीतून उतरायच्या आधी, पट्टा सोडण्याआधीच, एक वाक्य ठरलेलं: "हे घर नाही, आज हे दुकान आहे." मग एक फेरी नुसती बघायची, हात पाठीमागे. फेरी संपली की ती मला एका वस्तूपाशी नेते, बोट दाखवते. मी तपासतो (काय तपासतो ते पुढे सांगतो). पसंत पडली तर पैसे देऊन मगच ती तिच्या हातात. खेळायचं गाडीत बसल्यावर.

पहिले दोन शनिवार हे वाक्य मला चाळीस वेळा म्हणावं लागलं, आणि पाठीमागचे हात दर दोन मिनिटांनी पुढे यायचे. खरं तर हात रिकामे ठेव म्हणणंच चुकीचं होतं. रिकामा हात काहीतरी उचलणारच. ती अडचण माझ्या आईमुळे सुटली, आणि गंमत म्हणजे या सगळ्या उद्योगाला तिचाच सर्वांत जास्त विरोध होता.

"दुसऱ्याच्या पोराचं उतरलेलं आपल्या पोरीला कशाला रे? पैसे नाहीत का?" हा आईचा पुण्याहून दर रविवारचा प्रश्न. मी तिला आठवण करून दिली, की मला जन्मल्यावर गुंडाळलं ते आजीच्या जुनेरात, माझी दुपटी जुन्या लुगड्यांची, आणि बोहारणीशी तीन साड्या आणि बाबांची पँट देऊन एका पातेल्यासाठी अर्धा तास घासाघीस कोण करायचं? "ते घरचं जुनं," आई म्हणाली. "हे परक्याचं." मुद्दा अगदीच फेटाळण्यासारखा नाही, पण बाबा मला रविवारी मंगळवार पेठेच्या जुन्या बाजारात न्यायचे, तेव्हा तिथलं तरी कोणतं घरचं होतं? असो. वाद तिथेच राहिला. त्या उन्हाळ्यात येणाऱ्या कोणाबरोबर तरी आईने लोणच्यासोबत चिऊसाठी एक बटवा पाठवला, स्वतःच्या फाटलेल्या इरकलीच्या काठाचा, आत दोन कप्पे, ओढायची नाडी.

त्या बटव्यात आता दर शनिवारी चार क्वार्टर असतात, म्हणजे एक डॉलर. चार नाणी तिला मोजता येतात, म्हणून चार. नोट दिली असती तर तो नुसता कागद झाला असता. चिल्लर वाजते, जड लागते, एक दिलं की तीन उरल्याचं दिसतं. बटवा दोन्ही हातांनी धरायचा असतो, त्यामुळे हातांचा प्रश्नही मिटला. संपले की संपले. बाबांच्या खिशातून खेळण्यासाठी दमडी निघणार नाही. कपडे, पुस्तकं, बूट माझ्या खर्चाने.

पहिल्या बटवा-शनिवारी तिने पहिल्याच घरी चारही नाणी एका डोळा नसलेल्या हत्तीवर उधळली. मी गप्प बसलो. फार जड गेलं. पुढच्या घरी तिला पंचवीस सेंटांची डबल-डेकर बस दिसली. बटवा उघडून बघितला, उलटा करून झटकला, पुन्हा बघितला. खालचा ओठ पुढे आला. पण लोळण नाही. गाडीत बसल्यावर हत्तीला म्हणाली, "तू खूप महाग आहेस." त्यानंतर ती पहिल्या घरी पैसे काढत नाही.

घासाघिशीबद्दल एक वेगळा इशारा. खेळणं पोरीच्या छातीशी कवटाळलेलं असताना भाव करायला जाऊ नका. विकणाऱ्याला कळतं की आता हे इथेच राहणं शक्य नाही, आणि विकणारा भला असून उतरवायला निघाला, तरी तेवढ्या दोन मिनिटांत पोरीच्या पोटात गोळा येतो: बाबा नको म्हणाले तर? भाव आधी, हात नंतर. जुन्या बाजारात बाबा हवी ती वस्तू शेवटी उचलायचे. आधी शेजारच्या तीन वस्तूंचे भाव विचारायचे. इथे एवढं नाटक लागत नाही. 'वुड यू टेक फिफ्टी सेंट्स?' असं हसून विचारलं की बहुतेक लोक हो म्हणतात, त्यांनाही ते सामान संध्याकाळी परत तळघरात उतरवायचं नसतं. चिऊ आता स्वतः विचारते. तिला कोणी नाही म्हणत नाही, हा अन्यायच आहे.

भूक, शू आणि घड्याळ

नोंदीतून निघालेलं दुसरं कारण साधं होतं. साडेदहाच्या पुढे काहीही टिकत नाही. आठला निघालो तर अडीच तासांचा माल आपल्याकडे आहे असं समजायचं, घरं कितीही राहिलेली असोत. चांगल्या वस्तू सकाळी लवकर जातात हे खरं, पुन्हा विकणारे व्यापारी तर पाटी लागायच्या आधी दारात उभे असतात, पण लहान पोर बरोबर असताना त्यांच्याशी स्पर्धा करण्यात अर्थ नाही. चार घरं, फार तर पाच.

शूची सोय अंगणात नसते, आणि अनोळखी घराचं बाथरूम मागणं इथे बरं दिसत नाही. मी घरांची यादी करताना मध्ये एक बाग किंवा वाचनालय पडेल असा रस्ता लावतो, आणि गाडीच्या डिकीत छोटं पॉटी ठेवतो. खाणं दोन घरांच्या मध्ये, गाडीत: केळं, चिवड्याची डबी, पाणी. चिवडा का, तर तो निवडून-निवडून खायला वेळ लागतो आणि तेवढ्यात मला पुढचा पत्ता बघता येतो.

थ्रिफ्ट स्टोअरमधला बिघाड वेगळा आहे

पावसाच्या शनिवारी आम्ही थ्रिफ्ट स्टोअरला, म्हणजे लोकांनी दिलेल्या जुन्या सामानाच्या दुकानात जातो, आणि अंगणातले उपाय तिथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. तिथे हे दुकान आहे हे मुलीला दिसतं. अडचण लांबीची. कपड्यांच्या रांगाच रांगा, बहुतेक ठिकाणी खेळणी मागच्या भिंतीला, आणि बापाला पँटी चाळायला पाऊण तास हवा.

मी आधी खेळणी शेवटी ठेवायचो, बक्षीस म्हणून. पाऊण तास 'झालं का' ऐकून मग ते उलटं केलं. आता आत शिरलो की सरळ मागच्या भिंतीला. एक वस्तू निवडायची, ती ट्रॉलीत तिच्या समोर बसते, आणि मग बाकीचं दुकान. बिलाआधी एकदा विचारतो, "हेच न्यायचं की बदलायचं?" निम्म्या वेळा तोवर तिचा जीव त्यावरून उडालेला असतो आणि ती स्वतःच परत ठेवून येते. हाच प्रश्न पाच मिनिटांत विचारला असता तर कधीच ठेवलं नसतं. ट्रॉलीच्या बैठकीचा पट्टा मात्र लावाच. तो तुटका असेल तर दुसरी ट्रॉली घ्या. उभी राहून मागे वळणारी पोरं तिथून डोक्यावर पडतात.

तिला कामही आहे. अशा बऱ्याच दुकानांत किमतीच्या चिठ्ठ्या रंगीत असतात, आणि ठरावीक रंगाला त्या आठवड्यात सूट मिळते. दारातल्या फलकावर आजचा रंग बघायचा आणि मला तो कपड्यांत शोधून द्यायचा, हे चिऊचं काम. 'हिरवा! बाबा, हिरवा!' अशी आरोळी आली की रांगेतली माणसंही आपापल्या हातातल्या चिठ्ठ्या बघतात. कपड्यांच्या मापावर जाऊ नका; 4टी लिहिलेल्या दोन पँटींत दोन बोटांचा फरक निघतो, आणि धुऊन आटलेल्या वेगळ्याच. मी घरून तिची नीट बसणारी एक पँट पिशवीत नेतो आणि कमरेवर कंबर ठेवून बघतो. घालून बघायची भानगड नाही, त्यावरून होणारी रडारडही नाही.

आईचा 'परक्याचं' हा मुद्दा इथे चिऊनेच काढला. "हे कोणी टाकून दिलं?" मी सांगितलं, टाकलं नाही, दिलं. गुडविल नावाची जी दुकानं तुम्हाला गावोगावी दिसतात, त्यांची सुरुवात 1902 मध्ये बॉस्टनच्या एका पाद्र्याने, एडगर हेल्म्सने केली. पैसेवाल्यांच्या घरून जुने कपडे आणि सामान गोळा करायचं, ते दुरुस्त करायचं काम गरजूंना द्यायचं, आणि मग विकायचं. चिऊला यातलं फक्त 'दुरुस्त' कळलं. तेव्हापासून आम्ही महिन्यातून एकदा घरातून एक पिशवी देऊन येतो, आणि पिशवीत काय घालायचं ते ती ठरवते. एक डोळ्याचा हत्ती अजून गेलेला नाही.

घरी आल्यावर उफाळणारं रडं: तपासणी जागेवरच करा

हे मला उशिरा कळलं. सेलमध्ये सगळं सुरळीत, घरी आल्यावर बायको खेळणं हातात घेते, "अरे, याचं बॅटरीचं झाकणच नाही" म्हणते, आणि खेळणं कचऱ्यात. म्हणजे विकत घेतलेलं, स्वतःच्या पैशांचं, काढून घेतलं. त्या दिवसाची रड मी विसरणार नाही, आणि चूक माझी होती. तपासणी पैसे देण्याआधी, तिच्यासमोर, आणि 'नापास' म्हणायचा अधिकार तिलाही. आता ती स्वतः झाकणं उलटी करून बघते. माझ्या पिशवीत एक छोटा स्क्रू-ड्रायव्हर, दोन-दोन नव्या बॅटऱ्या, मोजपट्टी आणि ओले रुमाल असतात.

सगळ्यांत आधी बटणासारखी चपटी बॅटरी. ती असेल आणि तिचं झाकण स्क्रूने बंद होत नसेल, तर सोडून द्या. पोराने गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतसुद्धा आत भाजतं. छोट्या, जोरदार लोहचुंबकांचे गोळे असलेलं खेळणं कधीच नको. दोन गिळले तर ते आतड्याच्या दोन बाजूंनी एकमेकांना धरतात. मग लहान तुकडे. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी इथली सरकारी चाचणी सव्वा इंच रुंदीच्या नळकांड्याची आहे. त्यात जे पूर्ण मावतं ते नापास. मी टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळीतून घालून बघतो, ती थोडी रुंद असते, तेवढंच जास्त सुरक्षित. चिऊसाठी हा प्रश्न उरलेला नाही, पण घरात दीड वर्षाचा रांगतोय, आणि तिचं ते त्याचंही होतंच.

रंगाचं बघा. अमेरिकेत शिसं असलेला घरगुती रंग आणि तसा रंग लावलेली खेळणी 1978 मध्ये बंद झाली, आणि 2009 मध्ये ती मर्यादा आणखी खाली, दर दहा लाख भागांत 90 भागांवर आली. त्यामुळे आजी-आजोबांच्या माळ्यावरून उतरलेली, रंगाचे पोपडे उडालेली सुंदर लाकडी खेळणी मी शोकेससाठीही घेत नाही, कारण शोकेसपर्यंत ती पोहोचत नाहीत. ऑगस्ट 2009 नंतर बनलेल्या मुलांच्या वस्तूंवर कधी आणि कुठे बनली याची खूण असावी लागते. तळाशी ती सापडली की मला निम्मं हायसं वाटतं. कोटाच्या टोपीला किंवा गळ्याला नाडी असेल तर ती तिथल्या तिथे ओढून काढा. घसरगुंडीवर अडकते.

काही वस्तू स्वस्त मिळाल्या तरी हात लावायचा नाही, आणि हे पोरीला नव्हे, मला स्वतःला सांगावं लागतं. कार सीट, म्हणजे मुलांना गाडीत बसवायची खुर्ची, त्यातली पहिली. तिला मुदत असते, साधारण सहा ते दहा वर्षं, तळाच्या प्लास्टिकवर छापलेली. आणि मुदत उरली असली तरी ती कधी अपघातातून गेलीय का हे विकणाऱ्याच्या तोंडच्या शब्दाशिवाय कळायला मार्ग नाही. हेल्मेटचंही तेच. एक बाजू खाली सरकणारा पाळणा दिसला तर सरळ पुढे चला: असे पाळणे 28 जून 2011 पासून विकायलाच बंदी आहे, अंगणातही. बाकी मोठ्या वस्तूंचं नाव आणि मॉडेल मी तिथेच उभा राहून ग्राहक सुरक्षा आयोगाच्या, म्हणजे सीपीएससीच्या, संकेतस्थळावर टाकून बघतो, ती धोकादायक म्हणून कंपनीने परत मागवलेली तर नाही ना. परत मागवलेली वस्तू विकणं 2008 च्या कायद्याने गुन्हा आहे आणि तो गराज सेललाही लागू होतो, पण विकणाऱ्या आजींना ते ठाऊक असतंच असं नाही. एकदा एका आजोबांना फोनवर दाखवलं, तर त्यांनी तो झोपाळा निमूटपणे उचलून कचऱ्याच्या डब्यात नेला आणि चिऊला एक पुस्तक फुकट दिलं.

ढेकणांची भीती खरी आहे. कपडे आणि मऊ खेळणी घरात न्यायच्या आधी सरळ ड्रायरमध्ये, सगळ्यांत कडक उष्णतेवर अर्धा तास. ड्रायर न सोसणारं असेल तर पिशवीत बांधून चार दिवस फ्रीझरमध्ये, उणे 18 सेल्सिअसला. चिऊ याला 'अस्वल काश्मीरला गेलंय' म्हणते, आणि चार दिवस ते आनंदाने सोसते, कारण काढून घेतलेलं आणि गावाला गेलेलं यातला फरक तिला बरोबर कळतो.

जे अजून सुटलेलं नाही

'फ्री' लिहिलेलं खोकं. बटव्याचा हिशोब तिथे कोलमडतो. किंमतच नाही तर किती घ्यायचं? सध्या एका खोक्यातून एकच असा नियम आहे, पण तो मी लादलेला आहे, तिला पटलेला नाही, आणि मला तरी कुठे पटलाय? गेल्या महिन्यात त्या खोक्यातून मीच चार लोखंडी पाने उचलले आणि पकडलो गेलो.

दुसरं जास्त अवघड. दोनदा असं झालं की चिऊने नाणी दिली, ट्रक हातात घेतला, आणि घरातून एक सहा-सात वर्षांचा मुलगा बाहेर आला. ट्रक त्याचा होता. आईने त्याला विचारलं असणार, तो हो म्हणाला असणार, पण आपला ट्रक दुसऱ्याच्या हातात बघणं वेगळं. त्याचा चेहरा वाकडा झाला. पहिल्या वेळी मी घाईघाईने चिऊला गाडीत घातलं. तिने रस्ताभर विचारलं, "तो का रडत होता?" दुसऱ्या वेळी मी थांबलो आणि काही बोललो नाही. चिऊने ट्रक त्याच्यापुढे धरला. त्याने घेतला, चाकं एकदा फिरवली, परत दिला. मग पुन्हा मागितला. त्याची आई ओशाळून म्हणाली, आम्ही पैसे परत देतो. चिऊने दोन क्वार्टर परत घेतले, बटव्यात टाकले, नाडी ओढली. मला वाटलं आता सुरू होईल. झालं नाही. पण रात्री झोपताना तिने सांगितलं, की ट्रक तिचाच होता, तिने फक्त ठेवायला दिलाय. मी त्यावर काहीच दुरुस्ती केली नाही.

शेवटची नोंद ज्यांच्याकडे बर्फ पडतो त्यांच्यासाठी. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत अंगणं बंद असतात आणि या सहा महिन्यांत पोरं सगळं विसरतात. यंदा एप्रिलअखेर मोसमाच्या पहिल्या शनिवारी मी गेल्या वर्षीच्या भरवशावर पाच घरांची यादी घेऊन निघालो आणि दुसऱ्याच घरी मुठीत गवत आलं. मोसमाचे पहिले दोन शनिवार फक्त दोन घरं करा, पट्टा सोडण्याआधी ते वाक्य पुन्हा म्हणा, आणि बटवा आदल्या रात्रीच शोधून ठेवा. आमचा दिवाळीच्या किल्ल्याच्या सामानात निघाला, प्लास्टिकच्या मावळ्यांबरोबर, आत एक क्वार्टर तसाच.